घासलेलं पितळ परत येत नाही

पेटीचा सूर लावण्याच्या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. पितळी पत्ती टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण घासून गेलेलं पितळ परत आणता येत नाही. दर वेळी सूर लावताना पत्ती थोडी झिजते आणि ती पहिल्यांदा घडवणाऱ्या कारागिराने काय ठरवलं होतं याची खूणही थोडी पुसली जाते. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. त्याला पेटी सुरात हवी असते आणि ती मागणी रास्त असते. दुरुस्ती करणाऱ्याने मात्र या झिजेचा हिशेब ठेवायला हवा. या धंद्यात काढलेल्या वर्षांतून माझं एक मत तयार झालं आहे: जुन्या वाद्याच्या दुरुस्तीत सगळ्यांत मोठं कौशल्य कशाला हात लावायचा नाही हे ठरवण्याचं असतं. काय बदलायचं हा प्रश्न त्यानंतरचा. हे मत मी इथे पेट्यांच्या आधाराने मांडणार नाही, कारण आपल्याकडच्या पेट्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी क्वचितच कोणी ठेवल्या आहेत. त्यासाठी एक असं वाद्य घेतो, ज्याचा तीनशे वर्षांहून मोठा इतिहास नोंदलेला आहे: जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहराच्या सांक्ट याकोबी चर्चमधला आर्प श्निटगरचा ऑर्गन.

आपल्या संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असे, तो पायाने भाता मारायचा आणि पितळी पत्त्यांवर वाजायचा. याकोबीच्या ऑर्गनची जात वेगळी. त्यात हवा नळ्यांमध्ये फुंकली जाते आणि प्रत्येक स्वराला, प्रत्येक नादप्रकाराला स्वतंत्र नळी असते. श्निटगरने हे वाद्य १६८९ ते १६९३ या काळात बांधलं. हाताने वाजवायचे चार कीबोर्ड, त्याखाली पायाने वाजवायच्या पट्ट्या, साठ स्टॉप आणि सुमारे चार हजार नळ्या. एकेक स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची पूर्ण रांग. सगळ्यांत लहान नळ्या बोटाएवढ्या, तर सगळ्यांत मोठ्या ३२ फुटी मापाच्या. त्यांचा खालचा षड्ज सेकंदाला वीसपेक्षाही कमी कंपनांचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी सीमेवरचा. पट्टी दाबली की लाकडाच्या बारीक काड्यांची साखळी हवापेटीतली झडप उघडते आणि हवा नळीत शिरते. बोट आणि नळी यांच्यामध्ये वीज नाही, लाकूड आणि तार आहे. आतल्या नळ्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूच्या, काही लाकडाच्या. बाहेरून लोकांना दिसते ती कोरीवकामाची पेटी आणि तिच्या तोंडावरच्या चकचकीत नळ्यांची ओळ. वाद्याचा बहुतेक भाग तिच्यामागे अंधारात असतो.

या वाद्याचा आवाज कुठे ठरतो? नळीच्या लांबीने स्वर ठरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण नाद ठरतो तो तिच्या रुंदीने, भिंतीच्या जाडीने आणि मुख्य म्हणजे तोंडाने. नळीच्या तोंडाशी एक आडवी फट असते. तिच्यातून हवेचा पातळ पापुद्रा बाहेर येतो आणि वरच्या ओठाच्या कडेवर आपटून थरथरतो. तो ओठ किती उंच कापला, फट किती अरुंद ठेवली, तिच्या काठावर बारीक खाचा पाडल्या की नाही, यावर नळी बोलायला किती वेळ घेते, बोलण्याआधी किती फुसफुसते, तिच्या नादात वरचे स्वयंभू स्वर किती मिसळतात हे अवलंबून असतं. कारागीर हे निर्णय नळी वाजवत, ऐकत, केसाएवढा धातू काढत घेतो, आणि तेही त्या विशिष्ट इमारतीत, त्या विशिष्ट हवेच्या दाबावर. करारपत्रात स्टॉपांची नावं आणि रक्कम लिहिलेली सापडते; ओठाची उंची लिहिलेली नसते. म्हणजे या वाद्याचं खरं लेखन धातूवर झालेलं आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही. ओठ एकदा वर कापला की खाली येत नाही, पाडलेली खाच बुजवली तरी मूळ कड मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात भरदार, मऊ, वाद्यवृंदासारख्या आवाजाची आवड वाढली, तेव्हा युरोपातल्या अनेक जुन्या ऑर्गनांचा हवेचा दाब वाढवला गेला, त्या दाबाला साजेसे ओठ कापले गेले, खाचा पाडल्या गेल्या. ज्यांनी हे केलं ते कुशल होते आणि आपण वाद्य सुधारतो आहोत असंच त्यांना वाटत होतं.

मूळ धातू उरण्याची किंमत काय असते हे पाहायला हाम्बुर्गसारखं दुसरं शहर नाही, कारण तिथे एकाच गावात तीन वेगळे शेवट शेजारी शेजारी दिसतात. श्निटगरचा याहूनही मोठा ऑर्गन याच शहरातल्या सांक्ट निकोलाई चर्चमध्ये होता: १६८७ मध्ये पूर्ण झालेला, ६७ स्टॉपांचा. १८४२ च्या मोठ्या आगीत तो जळून गेला. त्याचं वर्णन उरलं, आवाज उरला नाही. सांक्ट काथारीनेनचा ऑर्गन श्निटगरचा नव्हता, पण तितकाच नावाजलेला होता. १७२० मध्ये संगीतकार बाखने तिथल्या वयोवृद्ध ऑर्गनवादक राइनकेनसमोर तो तासन्‌तास वाजवला होता. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत तोही गेला, मात्र पाचशेहून थोड्या जास्त जुन्या नळ्या वाचल्या. त्या नळ्यांच्या आधारे डच कारखाना फ्लेंट्रॉपने तो नव्याने उभा केला आणि २०१३ मध्ये तो पुन्हा वाजू लागला. याकोबीच्या नळ्यांचा मोठा भाग मात्र टिकला. निकोलाईबद्दल आज कोणी काही बांधायचं म्हटलं तर तो अंदाज असेल. काथारीनेनमध्ये तो पुराव्यावर आधारलेला तर्क आहे. याकोबीमध्ये तो बऱ्याच अंशी पुरावाच आहे. या तिन्हींतला फरक कारागिरांच्या हुशारीतून आलेला नाही. हाताशी मूळ धातू किती उरला होता, एवढ्यावरच तो ठरला.

खुद्द श्निटगर या बाबतीत काय करत होता हेही पाहण्यासारखं आहे. थोर कारागीर म्हटला की त्याने सगळं नव्याने घडवलं असणार, अशी आपली कल्पना असते. याकोबीमध्ये त्याच्या आधी शेरर घराण्याने आणि गॉटफ्रीड फ्रित्शेने काम केलेलं होतं, आणि त्या जुन्या ऑर्गनमधल्या चांगल्या नळ्या श्निटगरने आपल्या वाद्यात तशाच सामावून घेतल्या. म्हणून आज याकोबीत वाजणारे काही स्टॉप श्निटगरच्या जन्माआधीचे आहेत. यामागे काटकसर होतीच. धातू महाग होता आणि चर्चच्या विश्वस्तांना खर्चाचा हिशेब द्यायचा होता. पण नुसती काटकसर असती तर त्याने जुना धातू वितळवून नवा केला असता. नळ्या म्हणून त्या ठेवणं म्हणजे आधीच्या कारागिराचा कान मान्य करणं. इतक्या मोठ्या बांधकामाच्या पोटातही कशाला हात लावायचा नाही हा निर्णय असतो, हे त्याच्या कामात दिसतं.

पुढचा इतिहास मात्र हात लागण्याचा आहे. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, दर्शनी नळ्या सरकारने जप्त केल्या, कारण त्यांत कथील भरपूर होतं आणि युद्धाला ते हवं होतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत हान्स हेनी यान या लेखकाचं लक्ष या ऑर्गनकडे गेलं. पुढे कादंबरीकार आणि नाटककार म्हणून गाजलेला हा माणूस ऑर्गनबांधणीचाही अभ्यासक होता. जुनाट समजला जाणारा हा नाद पुढच्या संगीताला काही शिकवू शकतो असं त्याने आग्रहाने मांडलं, दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं, आणि १९२५ मध्ये हाम्बुर्ग आणि ल्यूबेक इथे भरलेल्या ऑर्गन परिषदेत या वाद्याची चर्चा देशभर पोचली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये नळ्या आणि हवापेट्या काढून सुरक्षित जागी हलवण्यात आल्या. जून १९४४ मध्ये चर्चवर बॉम्ब पडले, तेव्हा जागेवर राहिलेली बाहेरची पेटी आणि भाते जळाले. युद्धानंतर वाद्य आधी चर्चच्या एका बाजूला उभं राहिलं, मग १९६० च्या सुमारास पश्चिमेच्या सज्जात मूळ जागी गेलं. पण त्याचा नाद जुळून आला नाही असंच बहुतेकांचं मत झालं. शेवटी १९९० ते १९९३ या काळात ऑर्गन बांधणारे युर्गन आरेंड यांनी ते पुन्हा उभं केलं आणि श्निटगरचं काम पूर्ण झाल्याला तीनशे वर्षं होत असताना ते वाजू लागलं. आरेंड यांच्या कामाची ख्याती ज्या गोष्टीमुळे आहे, ती माझ्या म्हणण्याला आधार देते: जुन्या नळ्यांना आपल्या पसंतीचा आवाज न देता, त्या नळ्या स्वतः काय सांगतात ते ऐकून बाकीचं वाद्य त्यांच्याभोवती जुळवायचं.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. बाहेरची पेटी नवी, भाते नवे, दर्शनी नळ्या नव्या. मग याला श्निटगरचा ऑर्गन का म्हणायचं? हा आक्षेप वाद्याला वस्तू मानतो आणि प्रत्येक भागाचं वजन सारखं धरतो. वाद्यात तसं नसतं. भात्याचं काम ठरावीक दाबाने स्थिर हवा पुरवणं. भाता नवा असला आणि हवा तीच मिळत असली तर नळीला फरक पडत नाही. पेटीचं काम नाद एकत्र करून समोर फेकणं. मापं ठाऊक असली तर ती पुन्हा बांधता येते. नळीचं तोंड मात्र पुन्हा बांधता येत नाही, कारण त्याचं माप घेता आलं तरी ते ज्या कानाने ठरवलं तो कान मोजता येत नाही. आणि दर्शनी नव्या नळ्यांना आवाज देताना आरेंड यांना आतल्या जुन्या नळ्यांची सोबत होती. म्हणून जुन्या भागांची टक्केवारी काढण्यापेक्षा निर्णय कुठे साठले आहेत हे विचारणं जास्त योग्य, आणि त्या कसोटीवर याकोबीचा ऑर्गन श्निटगरचाच ठरतो.

दुसरा आक्षेप वाजवणाऱ्यांचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. या वाद्याचा स्वर आजच्यापेक्षा चढा आहे: मधला धैवत सेकंदाला सुमारे ४९५ कंपनांचा, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अख्खा एक स्वर वर. शिवाय स्वरांतरंही आजच्या समान वाटणीची नाहीत. ही गैरसोय कशाला ठेवायची, बदलून टाकलं तर नंतरच्या काळातलं संगीतही वाजेल, इतर वाद्यांशीही जुळेल, असं म्हणणं येतं. मराठी श्रोत्याला यातला मुद्दा परका वाटू नये. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा का, या तक्रारीवर आपल्याकडे दशकानुदशकं वाद झाला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. समान वाटणीत गंधार शुद्धापेक्षा सुमारे १४ सेंट चढतो, एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. याकोबीला आरेंड यांनी जी जुनी वाटणी दिली, तिच्यात नेहमीच्या वापरातल्या स्वरश्रेणींमध्ये हा चढेपणा चार-पाच सेंटांवर येतो. किंमत अशी की काही दूरच्या स्वरश्रेणी खडबडीत होतात. पण एकाच पट्टीवर डझनभर नळ्या एकत्र वाजवणाऱ्या वाद्यात गंधार शांत असणं ही चैन नाही, नादाचा पायाच आहे. आणि खरी अडचण सोयीपेक्षा पुढे आहे. जुन्या उघड्या नळ्या नेमक्या लांबीला कापलेल्या असतात. स्वर बदलायचा तर एक तर त्या कापायच्या, नाही तर तुकडे जोडायचे. शंकूच्या आकाराचं हत्यार वरच्या कडेवर ठोकून स्वर थोडा वरखाली करता येतो, पण वारंवार ठोकलं की कडा फाटतात. नंतरच्या काळातलं संगीत वाजवायला त्या शहरात दुसरे ऑर्गन बांधता येतात. हा दुसरा बांधता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. १६९३ ची अवस्था परत आणायची म्हणजे मधल्या तीन शतकांत झालेलं सगळं पुसायचं; मग ही दुरुस्तीही एक प्रकारची घासाघीसच झाली की. हाच आग्रह सगळीकडे धरला तर एखाद्या नंतरच्या गुणी कारागिराचं पूर्ण काम शुद्धतेच्या नावाखाली फेकलं जाईल, आणि असं युरोपात झालंही आहे. म्हणून मी ‘सगळ्यांत जुनं तेच खरं’ हा नियम मानत नाही. याकोबीत तरी तो कुठे पाळला? तो पाळायचा तर श्निटगरचंही काम काढून शेररच्या ऑर्गनपर्यंत मागे जावं लागलं असतं. कसोटी अशी असावी: ज्या थराच्या आधारे पूर्ण वाद्य एकसंध उभं राहतं आणि ज्याचा पुरावा धातूत शिल्लक आहे, तो थर प्रमाण. याकोबीत तो श्निटगरचा थर होता, जुन्या नळ्या पोटात घेतलेला. त्यावर नंतर आलेल्या गोष्टींतला मोठा भाग युद्धाने केलेल्या नुकसानीची भरपाई होती. ती काढल्याने कोणाचा पूर्ण विचार नष्ट झाला नाही. दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराने वाद्याला नवा, पुरता विचार दिला असेल, तर तिथे हीच कसोटी लावून मी त्या थराला हात लावू नका असं म्हणेन.

उरतो तंत्रज्ञानाचा आक्षेप. आज नळीगणिक ध्वनिमुद्रण करून तो आवाज इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर मिळतो. मग मूळ धातूचा एवढा आग्रह कशाला? मुद्रण उपयोगाचं आहे, पण आपण जे प्रश्न विचारून ठेवले त्यांचीच उत्तरं त्यात असतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात ऑर्गनच्या अभ्यासकांनी श्निटगरच्या पद्धतीचा मोठा ऑर्गन संशोधनासाठी बांधला. तो २००० मध्ये तिथल्या ओर्ग्र्यूते चर्चमध्ये पूर्ण झाला. त्याच्या नळ्यांसाठी नमुना याकोबीच्या नळ्यांचा होता. बाहेरच्या पेटीसाठी आधार होता ल्यूबेकच्या कॅथीड्रलमधल्या श्निटगरच्या ऑर्गनचा, जो १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळला होता. नळ्यांचा धातू वाळूवर ओतण्याची जुनी रीत, त्यातल्या अशुद्ध घटकांचा नादावर होणारा परिणाम हे प्रश्न त्या कामात पुढे आले, आणि त्यांची उत्तरं मूळ धातू तपासूनच शोधावी लागली. धातू हा पुरावा किती नाजूक असतो हेही अशाच अभ्यासातून कळलं. ल्यूबेकच्या याकोबी चर्चमध्ये, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या चर्चमध्ये, जुन्या ऑर्गनच्या शिशाच्या नळ्या पोखरल्या जात होत्या. संशोधकांना कारण सापडलं ते ओक लाकडातून हवेत सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडमध्ये. म्हणजे दुरुस्तीत चांगल्या हेतूने बसवलेलं ताजं लाकूडही नळ्या खाऊ शकतं.

मग वाद्य कुलपात ठेवावं का? नाही. न वाजणाऱ्या ऑर्गनचं चामडं कडक होतं, लाकडी पट्ट्या अडकतात, आणि नळी बोलते की नाही हे कोणालाच कळत नाही. याकोबी टिकला त्यात आठवड्याच्या प्रार्थनेचाही वाटा आहे, कारण वापर असला की देखभालीचा खर्च मंजूर होतो. चर्चच्या कारभारात पैशाचा प्रश्न तेव्हाही होता: १७२० मध्ये याच ऑर्गनच्या जागेसाठी बाखने इच्छा दाखवली, पण ती मिळाली योहान योआखिम हाइटमानला, ज्याने चर्चच्या तिजोरीत ४,००० मार्क भरले. वापर आणि जतन यांत विरोध नाही हे ऑर्गनचा सूर लावणारे रोज दाखवतात. हवा एका अंशाने तापली की फुंकीच्या नळ्यांचा, म्हणजे वर सांगितलेल्या ओठाच्या नळ्यांचा, स्वर सुमारे तीन सेंट चढतो, पण जिभेच्या नळ्या, म्हणजे ज्यांत पेटीसारखी पत्ती थरथरते त्या, जवळपास जागच्या जागी राहतात, आणि दोन्ही एकमेकांशी बेसूर वाटतात. जाणता माणूस अशा वेळी हजारो फुंकीच्या नळ्यांना हात लावत नाही. मोजक्या जिभेच्या नळ्या, ज्यांचा स्वर तारेने सहज वरखाली होतो, त्या जुळवून घेतो. संध्याकाळी वाद्य सुरात असतं आणि पुरावा शाबूत असतो.

हे सगळं आपल्या धंद्याला लागू करायचं तर अडचण कौशल्याची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. आपण दुरुस्तीचे पैसे केलेल्या कामाचे घेतो: इतके सूर घासले, इतक्या पट्ट्या बदलल्या, भाता नवा केला. जो कारागीर तासभर ऐकून, तपासून ‘याला हात लावायची गरज नाही’ असं ठरवतो, त्याच्या हाती बिलात लिहायला काही नसतं, आणि म्हणून हा निर्णय घेण्याची सवयच धंद्याला लागत नाही. मोठ्या ऑर्गनच्या दुरुस्तीत आज तपासणी, मोजमाप आणि नोंद हा वेगळा, पैसे मोजून घेतलेला टप्पा असतो, प्रत्यक्ष हत्यार त्यानंतर लागतं. नाट्यसंस्थांकडे, जुन्या घरांत, देवळांत ज्या परदेशी सुरांच्या पेट्या आणि पायपेट्या अजून उरल्या आहेत, त्यांच्यासाठी एवढंच करायला हवं: आधी सूर कसा लागला आहे ते लिहून घ्यायचं, कोणत्या पत्तीवर आधीच्या कारागिराची खूण आहे ते पाहायचं, काय बदललं आणि काय मुद्दाम तसंच ठेवलं हे कागदावर मालकाला द्यायचं, आणि या कामाचे पैसे मागायचे. सुरुवातीला मालक कुरकुरतील. पण न केलेल्या कामाला बिलात जागा मिळत नाही तोवर प्रत्येक दुरुस्तीत थोडं पितळ जातच राहील, आणि ते गेलं हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.